पिठल्या भाकरीच्या जिवावर उठलाय (नावांना हसून घ्या, पण मदत करा)

गोडामसाला, नेरूळ

घरात तीन मांजरं आहेत. पिठल्या आणि भाकरी सख्खी भावंडं, पाच वर्षांची. लॉकडाऊनच्या पावसात बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये सापडली होती, डोळेसुद्धा उघडले नव्हते. मी आणि मुलानं रात्री-अपरात्री उठून ड्रॉपरनं पाजून वाढवली. तिसरी ठेचा, दीड वर्षाची, काळ्या-केशरी ठिपक्यांची. (ठेचा मादी आहे. नाव मुलानं ठेवलं, व्याकरण त्याला विचारा.) ती गेल्या दिवाळीत आली. तिघांचीही नसबंदी झालेली आहे, लसी वेळच्या वेळी होतात.

घर म्हणजे सिडकोचं तळमजल्यावरचं वन बीएचके. मी, सासूबाई, आणि शनिवार-रविवार पुण्याहून येणारा मुलगा. नवरा जहाजावर असतो, म्हणजे वर्षातले सात महिने मांजरांचे सगळे निकाल मीच लावायचे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी मार्केटमधून आले (एपीएमसीत मसाला मार्केटला हिशेब लिहिते, म्हणून हा आयडी), चहाचं आधण ठेवलं आणि हॉलमधून असा आवाज आला की मला वाटलं सासूबाई पडल्या. धावत गेले तर दिवाणाखाली पिठल्यानं भाकरीला दाबून धरलेलं, केसांचे पुंजके उडतायत, आणि भाकरीला भीतीनं तिथेच शू झालेली. ही तीच दोघं, जी आदल्या रात्रीपर्यंत एका टोपलीत गाठ मारल्यासारखी झोपायची.

त्यानंतर अजून तीनदा झालं. परवाच्या वेळी मी मध्ये हात घातला आणि पिठल्या माझ्या अंगठ्याच्या बुडाशी कडकडून चावला. सासूबाईंनी हळद दाबली. आता भाकरी माळ्यावर राहते. जेवण वर, झोप वर, खाली उतरते ती रात्री दोननंतर, भिंतीला चिकटून. दोनदा सासूबाईंच्या गादीवर शू केली. आणि पिठल्या? एरवी अगदी साधा. आत्ता हे टाइप करतेय तेव्हा माझ्या पायांवर घोरतोय.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या मारामारीच्या चार दिवस आधी भाकरीची एक दाढ काढली, ती दिवसभर दवाखान्यात होती. त्याचा काही संबंध असेल का? नणंद म्हणते सगळं ठेचामुळे, घरात तिसरी आली की असंच होतं. शेजारच्या काकू म्हणतात एक कुणाला तरी देऊन टाक. सासूबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली, त्या धुरानं पिठल्या रात्रभर कपाटामागे बसला आणि तेवढी एक रात्र शांत गेली हे मान्य करायला हवं.

पिठल्याला देऊन टाकायचं का, हा प्रश्न मी इथे लिहितेय खरा, पण त्याचं उत्तर ऐकायची माझी तयारी नाही.

येऊरचा_वाघोबा, ठाणे

ताई, एवढं मनाला लावून घेऊ नका. मांजरांत वर-खाली कोण हे ठरल्याशिवाय शांतता होत नाही. लढू द्या, एकदा निकाल लागला की आपोआप बसतील. फारच झालं तर पाण्याची पिचकारी मारा. आमच्या वर्तक नगरच्या चाळीत आठ-आठ मांजरं होती, कुणी समुपदेशन केलं नाही त्यांचं.

घमेलंवाली, कोपरखैरणे

वाघोबा, चाळीतल्या मांजराला नको असेल तर ते पत्र्यावरून पुढच्या गल्लीत जात होतं. वन बीएचकेतली भाकरी कुठे जाणार? तिनं माळा गाठलाय, तोच तिचा पत्रा. "लढू द्या" म्हणजे रोज थोडं थोडं भिऊन जगू द्या. कुत्र्यांसारखी शरणागती घ्यायची रीत मांजरात नसते, हरलेलं मांजर फक्त लपायला शिकतं. आणि पिचकारीनं एवढंच होतं की भाकरी दिसली की अंगावर पाणी येतं हे पिठल्याच्या डोक्यात पक्कं बसतं. म्हणजे आगीत तेल.

ताई, आधी तुमचा हात. परवा चावलाय ना? हळद पुसा आणि आजच दवाखाना गाठा. मांजराचा दात सुईसारखा, बाहेर बारीक टिंब दिसतं आणि आत खोल घाण जाते. माझा मनगटाचा चावा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोपरापर्यंत लाल झाला होता. पुढच्या वेळी (येऊ नये, पण) लगेच वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली पंधरा मिनिटं धुवायचं, वर हळद-चुना-कॉफी काही लावायचं नाही. रेबीजचं इंजेक्शन पालिकेच्या रुग्णालयात मोफत मिळतं. घरचं मांजर आहे, लस झालीय, हे डॉक्टरांना सांगा, पण किती डोस घ्यायचे ते त्यांना ठरवू द्या.

सोडवायला हात कधीच घालायचा नाही. माझ्याकडे दाराशेजारी एक पोळपाट उभा असतो. दोघांच्या मध्ये तो सरकवायचा, एकमेकांचं तोंड दिसेनासं झालं की निम्मं काम झालं. उशी, पुठ्ठा, परातही चालते. परात आधी वाजवली तर तिचाच उपयोग होतो.

आता मला हे सांगा: शूची भांडी किती आणि कुठे? मारामारी नेहमी एकाच वेळी, एकाच जागी होते का? पिठल्या त्याआधी काय करत असतो? तुम्हाला आवाज ऐकू आल्यापासूनची गोष्ट तुम्ही सांगताय. मला आवाजाच्या आधीची पाच मिनिटं हवीत.

माझ्याकडे पाच आहेत, म्हणून घमेली सहा. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त, आणि सगळी एका ओळीत नाही. एका ओळीतली सहा घमेली म्हणजे मांजराच्या हिशेबी एकच घमेलं. वाटेत एखादा दांडगोबा आडवा बसला की सहाही बंद.

गोडामसाला

गेले काल. धुवून घेतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, रेबीजचा पहिला डोस झाला, पुढचे तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. जखमेतून रक्त आलं होतं म्हणून जखमेभोवतीही वेगळं इंजेक्शन दिलं, ते मात्र जिव्हारी लागलं. डॉक्टर म्हणाले मांजरावर दहा दिवस नजर ठेवा. म्हटलं, अहो मी दुसरं करतेय काय.

घमेली दोन, दोन्ही बाथरूममध्ये, शेजारी शेजारी. म्हणजे तुमच्या हिशेबी एकच. बाथरूमच्या दारातच पिठल्याला पसरायची सवय आहे, ओल्या लादीचा गारवा म्हणून. हे लिहिताना मला कळतंय मी काय लिहितेय.

आवाजाच्या आधीची पाच मिनिटं मला माहीत नाहीत. मी स्वयंपाकघरात असते किंवा सानपाड्याच्या आसपास गाडीत लटकलेली असते. दिवसभर घरात असतात त्या सासूबाई. त्यांना विचारलं तर "मी काय मांजरांची वॉचमन आहे का" म्हणाल्या. पण दुधाचा हिशेब लिहितात त्या दिनदर्शिकेवरच लिहून ठेवीन, असं कबूल केलंय.

गुरांचा_डॉक्टर, ठाणे

मी पशुवैद्य आहे. इथे बसून निदान करत नाही, फक्त दिशा सांगतो.

दवाखान्यातून आलेल्या मांजरावर घरचं मांजर फिस्कारतं, हे रोजचं आहे. मांजरं एकमेकांना तोंडावरून कमी आणि वासावरून जास्त ओळखतात. गाल घासून, अंगाला अंग लावून घरातली सगळी एक सामाईक वास तयार करतात. भूल, स्पिरिट, दुसऱ्या प्राण्यांचा वास घेऊन आलेली भाकरी पिठल्याला परकी वाटू शकते. पण ते बहुतेकदा ती पिंजऱ्यातून बाहेर येते त्या तासापासूनच सुरू होतं. इथे चार दिवस दोघं एका टोपलीत झोपली आणि मग भडका उडाला. त्यामुळे दाढेवर सगळं ढकलायला माझं मन घेत नाही.

ठेचावरही नाही. ती दिवाळीत आली, भांडण जुलैत.

माझा संशय वेगळ्यावर आहे. आपल्याकडे वड्याचं तेल वांग्यावर काढणं म्हणतात, मांजरं ते शब्दशः करतात. खिडकीबाहेर काहीतरी दिसतं, परकं मांजर बहुतेक वेळा. अंगातली सगळी रग वर येते, पण मध्ये काच किंवा जाळी असते. त्याच क्षणी जे हलतं, ते वांगं. भाकरी शेजारून गेली, तिच्यावर. तुम्ही हात घातलात, तुमच्यावर. आणि ही रग पाच मिनिटांत उतरत नाही. काही तास, कधी पूर्ण दिवस डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, शेपटी फटकारत फिरतात. त्या वेळी समजूत काढायला जवळ घेऊ नका. खोलीत अंधार करा, पाणी आणि घमेलं ठेवा, दार लावा, चहा प्या.

यातलं वाईट असं, की भाकरीला खिडकीचं काही माहीत नाही. तिच्या लेखी भाऊ अकारण अंगावर आला. मग ती त्याला बघून दबकते, पळते, आणि पळणारं मांजर बघून पिठल्या मागे लागतो. मूळ कारण संपलं तरी हे चक्र आपल्या आपण फिरत राहतं.

दोन गोष्टी मात्र तपासून घ्याच. गादीवरची शू भीतीनं असेल किंवा मूत्राशयाच्या दाहानं असेल, ताणानं मांजरांना तो होतो, म्हणून भाकरीची लघवी तपासा. पिठल्यालाही एकदा नीट दाबून-चाचपून घ्या. दात, सांधे, पोट, कुठेही दुखत असलेलं मांजर चिडकं होतं आणि दुखणं लपवतं. बोक्याच्या बाबतीत आणखी एक: तो घमेल्यात पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर उद्यावर टाकू नका, मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. माणसाची गोळी कुठलीही नको. पॅरासिटामॉलची एकसुद्धा मांजराला मारू शकते.

आणि गादी कशानं धुतलीत? फिनाईल असेल तर बंद करा. फिनाईल, डेटॉल यांतले घटक मांजराचं यकृत नीट निकाली काढू शकत नाही, आणि लादीवरचं सगळं पंजाला लागून जिभेवर जातं. शिवाय तुम्ही रोज फिनाईलनं लादी आणि भिंतीचे कोपरे पुसत असाल, तर त्यांनी घासून घासून केलेला घरचा वासही रोज पुसता.

येऊरचा_वाघोबा

डॉक्टरांचं पटलं. मग सोपं आहे की. जो कोण बाहेरचा बोका येतोय त्याला पोत्यात घाला आणि उरणला सोडून या. नाहीतर इथलेच दिवाळे, करावे, कुठलाही कोळीवाडा, मासळी आहे, मजेत राहील.

घमेलंवाली

वाघोबा, तुम्ही आज घरी रिकामे आहात का? त्या बोक्याला तिथे आधीपासून चार बोके भेटतील, आणि इथली रिकामी जागा पंधरा दिवसांत दुसरा भरेल. सोडायचा नाही, नसबंदी करून आणायचा. तोच बोका, निम्मा ताप.

गोडामसाला

दिनदर्शिकेचा निकाल आलाय. तो जसाच्या तसा उतरवते, कारण सासूबाईंच्या अक्षरातला दूध आणि युद्धाचा एकत्र हिशेब मी जन्मभर जपून ठेवणार आहे.

"मंगळ. दूध १ लि. सं. ६.५० काळा आला, खिडकीत बसला. पिठल्या फुगला. ७.०० ठेचा मध्ये गेली, तिला फटका. बुध. पाऊस, दूध आलं नाही. काळा दुपारपासूनच. पिठल्या खिडकी सोडेना. भाकरी उतरली, मागे धावला, मी परात वाजवली. गुरु. दूध १ लि. काळा नाही. शांत. शुक्र. कोळीण आली. काळा ६.३०. मोठी लढाई."

मी विचारलं, हा काळा कोण? तर म्हणाल्या, "तोच गं, फुटक्या कानाचा. पाच-सहा वर्षं आहे तो इथे, पिठल्यापेक्षा जुना." मग मी विचारलं की पाच-सहा वर्षं आहे तर मग याच जुलैत काय झालं. त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं आणि मला घाम फुटला.

हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे. दरवर्षी पाणी आत यायचं, म्हणून या जूनमध्ये मी माणूस बोलावून त्या ग्रिलवर निळी ताडपत्री बांधून घेतली. बाराशे रुपये दिले. अख्ख्या बिल्डिंगच्या मागच्या बाजूला पावसात कोरडी राहणारी एकमेव जागा मीच तयार केली, आणि ती पिठल्याच्या आवडत्या कट्ट्यापासून एका हातावर. पूर्वी काळा लांबून कुंपणावरून जायचा. आता तो पिठल्याच्या नाकासमोर बसून अंग चाटतो. ग्रिलच्या कोपऱ्यात तो उग्र वासाचा फवाराही मारून जातो. मला इतके दिवस वाटत होतं ताडपत्रीला बुरशी आली.

थांबा, अजून आहे. "शुक्र. कोळीण आली" आणि "मोठी लढाई" हे एका दिवशी कसं, म्हणून खोदून विचारलं. सासूबाई बराच वेळ निवडलेल्याच मेथीत परत काहीतरी निवडत होत्या. मग म्हणाल्या, "बोंबलांची डोकी आपली मांजरं खात नाहीत. टाकवत नाहीत मला. पावसात कुठे जाईल तो मुका जीव." बुधवार, शुक्रवार, रविवार, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर, ग्रिलमध्ये. आमच्याकडे शत्रूला वाढलेलं पान होतं.

रागवायचं कुणावर? ताडपत्री माझी, बोंबील त्यांचे.

डॉक्टर, भाकरीची लघवी तपासली, थोडा दाह निघाला, औषध सुरू आहे. पिठल्या ठणठणीत. लादी आता साध्या पाण्यानं पुसतो, कामवाल्या बाईंनी विचारलं, "वास न येता पुसल्यासारखं वाटतं का ताई?"

आता पुढे काय? खिडकी बंद करून दोघांना समोरासमोर बसवू का?

सीवूड्स_बाल्कनी

नका बसवू! मी हीच चूक केली होती आणि तीन आठवडे वाया घालवले. आमच्याकडे दोन मांजरी होत्या, कारण तेच, फक्त बोक्याऐवजी समोरच्या बाल्कनीतली पर्शियन. मी पडदा लावला आणि "झालं, करा आता दोस्ती" म्हणून दोघींना सोफ्यावर ठेवलं. सोफा नवीन घ्यावा लागला.

पहिलं, खिडकी. पडद्यानं भागत नाही, मांजर पडद्यामागे जाऊन बसतं. हार्डवेअरच्या दुकानात काचेला लावायची दुधी फिल्म मीटरवर मिळते, साबणाच्या पाण्यानं चिकटते. खालची दोन फूट लावा, उजेड वरून येतो. तुमच्या सरकत्या काचा असतील तर काळ्याच्या वेळेला त्या बंद, कारण वास जाळीतून येतोच.

दुसरं, दोघांना अनोळखी समजा. अगदी पहिल्यांदा भेटतायत असं. भाकरीला बेडरूम, तिचं घमेलं, तिचं पाणी आत. दार बंद. वन बीएचकेत हे जड जातं, तुमच्या सासूबाईंना मांजरासोबत खोली वाटून घ्यावी लागेल, पण त्यांच्या दिनदर्शिकेवरून वाटतं त्यांना ते आवडेल. रोज थोडा वेळ अदलाबदल, पिठल्या आत आणि भाकरी बाहेर, एकमेकांना न दिसता. त्यानं दोघांचा वास घरभर राहतो. जुन्या सुती साडीचे दोन तुकडे घ्या, एक पिठल्याच्या गालावरून फिरवा, एक तिच्या. मग पिठल्याचा तुकडा भाकरीच्या ताटलीजवळ ठेवा. फिस्कारली तर लांब सरकवा. जेवताना त्या तुकड्याकडे दुर्लक्ष करायला लागली की पुढची पायरी.

मग दाराच्या दोन बाजूंना दोन ताटल्या. आधी दारापासून लांब, रोज वीतभर जवळ. आम्ही उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, फक्त याच वेळेला द्यायचो. दाराचा वास म्हणजे चिकन, असं गणित बसायला हवं. ताटल्या दाराला टेकल्या आणि दोघी शांत खातायत म्हटल्यावर दाराच्या जागी जाळी. मी डासांची मॅग्नेटवाली जाळी लावली, ती पहिल्याच दिवशी फाडली. दुसऱ्यांदा लाकडी चौकटीवर स्टीलची जाळी ठोकून घेतली, ती टिकली. जाळीतून बघत जेवण, पाच मिनिटं, मग दार बंद. टक लावून बघणं सुरू झालं, कान मागे गेले, की ताटल्या लांब. भांडण झाल्यावर थांबवायचं नाही, चांगलं चाललेलं असतानाच थांबवायचं. हे सगळ्यात अवघड, कारण चांगलं चाललं की आपल्याला हाव सुटते.

आम्हाला सव्वादोन महिने लागले. पहिल्यासारख्या त्या झाल्या नाहीत, पण एका घरात राहतात.

अवांतर: ठेचाला या सगळ्यात विसरू नका. दोन्हीकडे जाणारी तीच आहे, तिच्या अंगावरून दोघांचे वास आपोआप पोचतात. फुकटची पोस्टमन.

गुरांचा_डॉक्टर

बाल्कनी यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. फक्त भाकरीच्या खोलीत उंच जागा आणि दोन वाटा असू द्या. माळ्यावर चढायला एकच शिडी असेल तर तो तिचा किल्ला नाही, सापळा आहे. आणि सहा-आठ आठवड्यांत काहीच हललं नाही तर चिंता कमी करणारी औषधं मांजरांनाही असतात, तुमच्या पशुवैद्याशी बोला. मनानं काही देऊ नका.

गोडामसाला

गौरी-गणपती झाले, आता लिहायला बसतेय.

काळ्याचं आधी. ताडपत्री काढली. पाणी आत आलं, येऊ दे, खाली बादली लावली. काचेला दुधी फिल्म, ग्रिलचा कोपरा साबणाच्या पाण्यानं तीनदा धुतला. बाहेरची मांजरं नेऊन नसबंदी करून आणणाऱ्या काही मुली नेरूळमध्ये आहेत, त्यांनी पिंजरा लावून दिला. आमिष अर्थात बोंबील. पहिल्या रात्री पिंजऱ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींची मांजर सापडली, त्यावरून दोन दिवस अबोला. दुसऱ्या रात्री कुणी नाही. तिसऱ्या रात्री मी आशा सोडली होती, पहाटे सासूबाई स्वतः जाऊन पिंजऱ्यापाशी "ये रे बाळा" म्हणाल्या आणि तो साहेबासारखा आत शिरला. इतक्या दिवसांचा पाहुणचार कामी आला. आता त्याच्या फुटक्या कानाशेजारी दुसऱ्या कानाचं टोकही कापलेलं आहे, नसबंदीची खूण. शरीरातला जोर उतरायला काही आठवडे जातात असं सांगितलं होतं, तसंच झालं. त्याचं पान आता मागच्या गेटपाशी, वॉचमनच्या केबिनच्या पत्र्याखाली वाढलं जातं. ताडपत्री तिकडेच बांधली.

भाकरी-पिठल्याचं सरळ रेषेत नाही चाललं. साडीचे तुकडे चालले, दाराच्या दोन बाजूंना चिकन चाललं, जाळीपर्यंत अठरा दिवसांत पोचलो. बेडरूममध्ये पुस्तकांच्या कपाटावरून माळ्यावर जायला दुसरी वाट केली, मुलानं शनिवारी फळ्या ठोकल्या. घमेली चार झाली, एक तर शोकेसच्या खाली आहे, पाहुणे आले की त्याच्यापुढे मी खुर्ची टाकून बसते. आणि मग हावरटपणा केलाच. जाळीतून नाकाला नाक लावलं म्हणून त्याच संध्याकाळी दार उघडलं. चार मिनिटं छान. पाचव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरच्यांनी आरतीची तालीम सुरू केली, झांजा वाजल्या, भाकरी उडाली, पिठल्या मागे. पोळपाट मध्ये घातला. कुणाला काही लागलं नाही, पण आम्ही परत ताटल्यांवर आलो, तेही दारापासून चार हात लांब.

गणपतीचे पाच दिवस भाकरी बेडरूममध्येच होती, दारावर "आत मांजर आहे, उघडू नये" अशी पाटी. तरीही नवऱ्याच्या आत्यांनी उघडून पाहिलं. मांजरच होतं.

आत्ता काय स्थिती आहे ते सांगते. रोज संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ दार उघडं असतं. मी मध्ये लादीवर बसते, दोरीला बांधलेलं पीस एका हातानं पिठल्यासाठी हलवते, म्हणजे त्याचे डोळे तिकडे राहतात. भाकरी दिवाणावर येते. दोघांच्यात साधारण चार फूट अंतर. तो उठला की ती अजून दबकते, पण पळत नाही, आणि ती पळत नाही म्हणून तो मागे लागत नाही. काल तिनं त्याच्या देखत पाठ चाटली. पाठ त्याच्याकडे करून. बाल्कनी, तुम्ही म्हणाला होतात तशी टोपली काही परत भरलेली नाही. ठेचा एकटी झोपते तिच्यात, ऐसपैस.

सासूबाई अजून लिहितात. कालची नोंद: "दूध १ लि. काळा गेटवर, जेवला. वर शांत. भाकरी खाली ४० मि."

घमेलंवाली

वाघोबा, वाचताय ना?

येऊरचा_वाघोबा

वाचतोय. ती दुधी फिल्म ठाण्यात कुठे मिळते? माझ्याकडे एकच मांजर आहे, पण ते हल्ली संध्याकाळी खिडकीत बसून माझ्या पायाला चावतं.